अमावास्येचा बर्फ

बर्फाची लादी गोठायला जवळजवळ दोन दिवस लागतात. मुलांनो, एवढी एक गोष्ट आधी नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे सांगणार आहे ते सगळे तिच्यावर उभे आहे. पत्र्याच्या उंच डब्यात गोडे पाणी भरायचे, तो डबा मिठाच्या थंडगार पाण्याने भरलेल्या टाकीत सोडायचा आणि वाट पाहायची. घाई करून डबा लवकर वर ओढला तर लादी बाहेरून टणक दिसते, पण तिच्या पोटात पाणीच असते.

आमचा बर्फाचा कारखाना श्रीवर्धनला बंदराच्या वाटेवर होता. घर सुपारीच्या वाडीतले, पक्के शाकाहारी. माझे सासरे, म्हणजे मामंजी, हायस्कूलचे हेडमास्तर होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी मनात घेतले की आता आपल्या गावातही काहीतरी तयार झाले पाहिजे. निवृत्त झाल्यावर त्यांनी डिझेलवर चालणारे इंजिन आणले, त्याला थंडावा तयार करणारा अमोनियाचा कॉम्प्रेसर जोडला आणि कारखाना उभा केला. गावाने यथेच्छ थट्टा केली. "मास्तर मासे खात नाहीत, नुसती त्यांना थंडी वाजवतात," असे लोक म्हणत. मामंजींना ते ऐकून हसू येई. पण कारखाना त्यांनी शाळेसारखाच चालवला, शिस्तीत आणि स्वच्छ.

मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा साठचे दशक सुरू होऊन काही वर्षे झाली होती. सासूबाई आधीच गेल्या होत्या. तुमचे आजोबा मुंबईहून यंत्रांचे शिक्षण घेऊन परत आले होते आणि कारखाना पाहत होते. मी गणित घेऊन बी. ए. झालेली, त्यामुळे रोज किती लाद्या निघाल्या आणि किती गेल्या हे टिपण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले.

बर्फ कोणाला लागायचा, तर कोळ्यांना. ताजी मासळी मुंबईला पाठवायची तर बर्फाशिवाय गत्यंतर नाही. आणि कोळ्यांचे काम चंद्रावर चालते. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास समुद्राला उधाण असते, पाण्याला ओढ असते, तेव्हा खोल पाण्यात रोवलेली त्यांची जाळी भरतात. अष्टमीच्या सुमारास ओढ मंदावते. त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या किनाऱ्याला आणि माणसे जाळी शिवत बसलेली. म्हणजे आमच्या बर्फाला चार-पाच दिवस मरणाची मागणी आणि मग काही दिवस गिऱ्हाईकच नाही.

उधाणात बर्फ कमी पडायचा. सगळ्यांनाच ठाऊक होते आणि सगळ्यांना त्याचे कारणही ठाऊक होते: यंत्र लहान आहे. तुमच्या आजोबांना दुसरा कॉम्प्रेसर हवा होता. मामंजींपाशी तेवढे बळ नव्हते. वाडीचा तुकडा विकल्याशिवाय ते जमणारे नव्हते, आणि वाडी विकायची ही गोष्ट त्या घरात कोणी उच्चारतही नसे. मग बर्फ कमी पडला की आजोबा डबे लवकर ओढायचे आणि पोटात पाणी असलेल्या लाद्या बंदरावर जायच्या.

मच्छीमारांच्या सोसायटीतर्फे बर्फ घ्यायला एक कोळीण यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिचा नवरा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, होता, पण सोसायटीत शब्द चालायचा तो हिचा. लादी पुढे आली की ती टोच्याने मध्यभागी एक घाव घालायची. एकदा आतून पाण्याची चिळकांडी उडाली, तर ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, बरफ मागितला व्हता मी. ह्ये शहाळं कशाला दिलंस?"

आजोबा लाल झाले. मला हसू आवरेना, म्हणून मी आत गेले.

आता तुमच्या आत्याआजीकडे येते. ती आजोबांची थोरली बहीण, म्हणून माझ्यासाठी वन्सं. त्यांनी लग्न केले नव्हते. त्या संख्याशास्त्र शिकल्या होत्या आणि मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत नोकरीला होत्या. तिथे एक गणकयंत्र होते. खोलीभर कपाटे, आणि ती थंड राहावीत म्हणून खोलीला गार हवा. वन्सं सांगायच्या, "आमच्या यंत्राला तुमच्या पापलेटासारखंच जपावं लागतं." त्या यंत्राला पडदा नव्हता. जे विचारायचे ते जाड कार्डांवर भोके पाडून विचारायचे. कार्डांचा गठ्ठा द्यायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, आणि मग आकड्यांनी भरलेला लांबलचक कागद हातात यायचा. एक भोक चुकले तर सगळा गठ्ठा परत. वन्संच्या तोंडी एक वाक्य नेहमी असायचे: "यंत्र चुकलं नाही. मीच त्याला अर्धवट सांगितलं." मला आजवर भेटलेल्या माणसांत, चुकीकडे इतक्या शांतपणे पाहणारे दुसरे कोणी नाही.

आमची ओढाताण त्यांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी तो कारखाना यंत्राच्या आत उभा करायचे ठरवले. मला ती कल्पनाच विलक्षण वाटली. खरा बर्फ नाही, खरे डबे नाहीत. पण यंत्रातल्या एका दिवसात इतके डबे भरायचे, आधी भरलेल्यांपैकी गोठलेले काढायचे, बर्फघरात ठेवायचे, त्यातला थोडा वितळून गेला असे धरायचे, होड्या येतील तेवढा द्यायचा, आणि दुसरा दिवस सुरू करायचा. असे महिन्यांमागून महिने. आम्हाला एक उधाण पाहायला पंधरवडा थांबावे लागे. वन्सं एका फेरीत कित्येक वर्षांची उधाणे पाहून घ्यायच्या.

त्यासाठी त्यांनी आमच्याकडून बारीकसारीक गोष्टी मागवल्या. बर्फघरात भुशाखाली ठेवलेली लादी दिवसाला किती झिजते, हे त्यांना हवे होते. मी आणि आजोबांनी सुपारीचा मोठा काटा आणून लादी तोलली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलली. मामंजी दारात उभे राहून म्हणाले, "पाणी तोलायला सुपारीचा काटा! काट्याला सर्दी होईल हो." इंजिनाबद्दलचे सगळे आजोबांनी कळवले. इंजिन बंद कधी असते, असे विचारले होते, त्याचे त्यांनी उत्तर दिले, महिन्यातून एक दिवस.

काही आठवड्यांनी वन्संचे उत्तर आले. यंत्र म्हणत होते, आहे एवढ्या कारखान्यात उधाणालाही बर्फ पुरतो. एखाद्या वेळी थोडा कमी पडतो, पण दर महिन्याला नव्हे.

आजोबा जेवता जेवता हसले. "ताईच्या यंत्रात बर्फ आहे आणि माझ्या बर्फघरात नाही. मग असं करू, मावशीला तिकडेच पाठवू."

मामंजींनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. यंत्रावर त्यांची मदार नव्हती, मुलीवर होती.

वन्सं दिवाळीला आल्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी कारखान्यात गेलो. इंजिन बंद होते. त्याला धुऊनपुसून तेल घातले होते, झेंडूची माळ घातली होती, हळदीकुंकू लावले होते. वन्संनी हात जोडले आणि आजोबांना विचारले, "आज पूजेसाठी बंद ठेवलंस वाटतं?"

"पूजा आजची. बंद नेहमीचाच. अमावास्या आहे ना."

"नेहमीचा म्हणजे?"

"नेहमीचा म्हणजे नेहमीचा. अमावास्येला इंजिन सुरू करत नाही आपण. मग त्याच दिवशी साफसफाई उरकून घेतो."

"तू तर कळवलं होतंस, महिन्यातून एक दिवस."

"हो मग? अमावास्या महिन्यातून दोनदा येते का?"

वन्सं तिथेच डब्यांच्या फळीवर बसल्या. त्यांनी महिन्याचा एक दिवस म्हणजे इंग्रजी महिन्याचा शेवटचा दिवस धरला होता. मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांत हिशेब तसाच चालायचा. यंत्रातला आमचा कारखाना कधी भांगात बंद राहत होता, कधी उधाणात. खरा कारखाना मात्र न चुकता ऐन उधाणात बंद राहत होता. आणि हे सांगावे असे आजोबांना सुचलेच नाही, कारण अमावास्येला काही सुरू करायचे नसते ही त्या घरात सांगायची गोष्ट नव्हतीच. गावातले सुतारही त्या दिवशी रंधा धरत नसत.

मला वाटले, आता वन्सं भावावर रागावणार. त्या एवढेच म्हणाल्या, "मी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "आज बर्फघरात साठा आहे, आज सगळं ठीक वाटेल. उद्या इंजिन सुरू होईल, पण टाकीतलं पाणी तोवर कोमट झालेलं असेल. ते गार व्हायचं, मग लादी धरायची. परवा ओरड होईल."

"उधाण आहे, ओरड होणारच," आजोबा म्हणाले.

परवा म्हणजे भाऊबीज. वन्संनी आजोबांना ओवाळले, ताट अजून हातातच होते, तोवर फाटकाशी मावशीचा आवाज आला. टोचा घेऊनच आली होती.

"दादा, तुमची भाऊबीज होऊ द्या, मी उभी हाय. पन आज पुन्हा शहाळी दिलीस. आमचं म्हावरं दिवाळी पालत न्हाय. अर्धा माल उनात मऊ झाला."

"मावशी, पुढच्या खेपेला बघतो."

"किती खेपा बघतोस? सोसायटीचं ठरलंय. येत्या आवसेच्या उधानाला बरफ पुरला तर पुरला. न्हायतर आमी लाँचीनं मुंबयवरून बरफ आननार. अर्धा वाटेत पानी झाला तरी चालंल, उरला तो तरी घट असंल." मग ती मामंजींकडे वळली. "मास्तर, माझ्या पोराला तुमी शिकवलाव. म्हनून तुमच्या तोंडावर सांगाया आले. मागनं न्हाय गेले."

सोसायटी गेली की कारखाना गेला. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे लग्नसराईतले सरबत आणि दवाखान्याला लागणारा थोडा बर्फ. मामंजी खुर्चीत बसून राहिले. आयुष्यात त्यांनी शाळेबाहेर केलेले एवढे एकच काम होते ते.

जेवणे झाली आणि वन्संनी मला रांगोळीचा डबा आणायला सांगितला. ओटीवर त्यांनी तीन मोठे चौकोन काढले: टाकी, बर्फघर, होड्या. मग सुपारीची परडी मधे ठेवली. एक सुपारी म्हणजे दहा लाद्या. यंत्र मुंबईत होते, म्हणून यंत्राने करायचे ते आम्ही हाताने करणार होतो. मी टाकी सांभाळायची, वन्संनी बर्फघर, आणि आजोबांनी होड्या व्हायचे.

"दशमी," वन्सं म्हणाल्या, आणि मी टाकीत सुपाऱ्या ठेवल्या. एकादशी, द्वादशी. गोठलेल्या सुपाऱ्या बर्फघरात सरकू लागल्या. आजोबा होड्यांसाठी हात पुढे करून म्हणत, "द्या हो ताई, म्हावरं सडतंय," आणि मी हसत होते. पण अमावास्येला माझे हात थांबले, आणि दोन तिथी पुढे गेल्यावर बर्फघराच्या चौकोनात एकही सुपारी उरली नाही. आजोबांचा पसरलेला हात तसाच राहिला. त्यांनी तो हळूच मागे घेतला आणि त्यांचे हसणे थांबले.

"पुन्हा मांड," मामंजी म्हणाले. खुर्ची सोडून ते केव्हा खाली येऊन बसले, कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या डावात वन्संनी अष्टमीला, भांगात, इंजिन बंद ठेवले. होड्या तेव्हा काही मागतच नव्हत्या. नवमीपासून टाकी भरत गेली, साठा वाढत गेला. अमावास्या आली तशी मी सुपारी उचलली, आणि मामंजी म्हणाले, "नाही. अमावास्येला आरंभ नाही. हे माझ्या वडिलांनी पाळलं, मी पाळलं. बर्फासाठी मोडणार नाही."

आजोबा काहीतरी तडकून बोलणार होते. वन्संनी त्यांच्याकडे नुसते पाहिले.

"अण्णा, मोडू नका," त्या म्हणाल्या. "आरंभ नवमीला झालाय. चतुर्दशीला इंजिन चालूच आहे. अमावास्येला आपण काहीच सुरू करत नाही. फक्त बंद करत नाही."

मामंजी बराच वेळ रांगोळीकडे पाहत राहिले. वर्गात एखाद्या मुलाने वेगळ्याच रीतीने सोडवलेले गणित तपासताना ते असे पाहत असतील. शेवटी म्हणाले, "शब्दात खोट नाही. पण तू माझी मुलगी. कारखाना टिकावा ही तुझी इच्छा आहे, आणि सुपाऱ्या तूच सरकवतेस. तुझ्या त्या यंत्राला काही हवं-नको नसतं ना? त्याला तिथी शिकव आणि विचार. ते म्हणालं तर करू."

आजोबा मला नंतर म्हणाले, "पाहिलंस? पोटच्या मुलीवर विश्वास नाही, कपाटावर आहे." पण मला मामंजींचे म्हणणे फार पटले होते, आणि वन्संनाही. त्या चिडल्या नाहीत, उलट खुशीत दिसल्या. परीक्षा घेणारा योग्य प्रश्न विचारतो आहे, असा तो आनंद होता.

तिसऱ्या दिवशीच्या बोटीने त्या गेल्या. यंत्राला तिथी शिकवणे सोपे नव्हते, कारण त्याला इंग्रजी तारखाच कळत; आधी उधाणे त्यांनी ढोबळमानाने पंधरा-पंधरा दिवसांनी धरली होती. वन्संनी पंचांगे मिळवली, होऊन गेलेल्या वर्षांतल्या तिथी तारखांना जोडल्या, कार्डे नव्याने पाडून घेतली आणि आपली पाळी येण्याची वाट पाहिली. उत्तर आले तेव्हा कार्तिक अर्धाअधिक उलटला होता. नेहमीच्या उधाणांना बर्फ पुरतो. पण वादळ होऊन गेल्यावर एकाएकी मासळी लोटली, किंवा इंजिन एक दिवसही बिघडले, तर कमी पडेल, आणि तसे कधी ना कधी होणारच, असेही त्यांनी स्पष्ट कळवले होते.

मामंजींनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावले. "कमी पडेल असंही म्हणते?"

"हो."

"मग चालेल," ते म्हणाले. "नेहमी पुरेल म्हणाली असती तर मी विचार केला असता."

अष्टमीला इंजिन बंद केले, धुतले, तेल घातले. नवमीला मामंजींनी स्वतः नारळ वाढवून ते सुरू करायला लावले. मग दिवसामागून दिवस बर्फघर भरत गेले. भुशाचा थर वर वर चढला, आणि मला ओटीवरच्या त्या चौकोनात सरकणाऱ्या सुपाऱ्या दिसत राहिल्या.

अमावास्येच्या सकाळी मामंजी नेहमीपेक्षा लवकर कारखान्यात गेले. आजोबांना धास्ती, की ऐन वेळी मन बदलते की काय. मामंजी इंजिनापाशी स्टूल टाकून बसले. कोणी ते बंद करून पुन्हा सुरू करू नये, म्हणून राखण करत. इंजिन आपल्या लयीत चालू होते.

पण खरी कसोटी त्या दिवशी नव्हती. द्वितीयेला होड्या भरून आल्या. मावशी आली. पहिल्या लादीच्या मधोमध तिने टोचा हाणला. पांढरे तुकडे उडाले, पाणी नाही. दुसरी, तिसरी. मग तिने टोचा कमरेला खोचला आणि गाडीवानाला म्हणाली, "भर रे." गाडी बंदरावर जाऊन पुन्हा आली, पुन्हा गेली. उन्हे डोक्यावर आली तशी मी पुन्हा पुन्हा बर्फघरात डोकावू लागले, कारण भुशाखालचा बर्फ आता गुडघ्याएवढाच उरला होता. शेवटची खेप भरली. मावशी आत डोकावली.

"हाय की अजून!"

"आहे थोडा," आजोबा म्हणाले.

मावशी मामंजींपुढे जाऊन उभी राहिली. "मास्तर, आवसेला तुमचं इंजान चालू व्हतं. बंदरावर आवाज येत व्हता. आमाला वाटला, मास्तर बाटले."

"सुरू नव्हतं केलं," मामंजी गंभीरपणे म्हणाले. "चालूच होतं."

"काय पन करा," मावशी म्हणाली, "पन आसंच करा. लाँचीला मी न्हाय म्हनून सांगते."

आणि तिने सांगितले. सोसायटीने मुंबईचा बर्फ आणला नाही, ना त्या हंगामात, ना पुढे. वादळानंतर एकदा बर्फ कमी पडलाच, अगदी वन्संनी कळवले होते तसा. तेव्हा आजोबांनी डबे लवकर ओढले नाहीत. किती देता येईल ते मावशीला आदल्या दिवशीच सांगितले, आणि तिने त्या हिशेबाने मासळी सुकवायला घातली.

पण त्या द्वितीयेकडे परत येते. दुपारी पोस्टात जाऊन मी मुंबईला फोन लावला. तेव्हा ट्रंक कॉल लागायला किती वेळ लागे, ते तुम्हाला सांगून पटणार नाही. वन्सं फोनवर आल्या तशी मी ओरडलेच. "वन्सं, पुरला! सगळ्यांना पुरला! मावशी राहिली!"

खरखरीतून त्यांचा आवाज आला, "छान झालं. उरला किती?"

"काय?"

"अगं, किती लाद्या उरल्या? माझ्या हिशेबाने जवळजवळ काहीच उरायला नको होतं. उरला असेल तर बर्फ मी धरला त्याहून कमी वितळतोय. आज जाऊन मोज, आणि उद्या पुन्हा तोल. अण्णांना म्हणावं, काटा लागेल."

मी घरी जाऊन मामंजींना सांगितले. ते हसले नाहीत. उठले, खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली आणि काटा काढायला स्वतः कोठीत गेले.